मॅचनंतरच्या रात्रीसाठी एक माणूस नेमा

प्रति,
महाराष्ट्रातल्या व्यावसायिक फुटबॉल क्लबांचे व्यवस्थापक, अकादमीचालक आणि फुटबॉल संघटनांचे पदाधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी नेरूळमध्ये बावीस वर्षं मुलामुलींना फुटबॉल शिकवतो आहे. माझ्याकडे शिकलेल्यांपैकी तिघं आज करारावर सही करून, पगार घेऊन खेळतात. त्यातल्या एकाला हरलेल्या मॅचनंतर फोनवर ज्या शिव्या आल्या, त्यामुळे हे पत्र लिहायला बसलो. त्याचं नाव, त्याच्या क्लबचं नाव आणि मॅच कुठली होती हे मी लिहिणार नाही. लिहिलं तर वाचणारा आधी ती क्लिप शोधेल आणि विझत आलेलं पुन्हा पेटेल.

पोरगा स्टॉपर आहे, म्हणजे गोलसमोर मधोमध उभा राहणारा डिफेंडर. कोपरखैरण्यात वाढला. वडील माथाडी, तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात गोण्या वाहतात. आई घरून पोळीभाजीचे डबे देते. अकरा वर्षांचा असताना मोठ्या भावाचे बूट दोन-दोन मोजे चढवून घालून आला होता. हेडरसाठी कधी उडायचं हे त्याला तेव्हापासून कळतं, कुणी शिकवलेलं नाही. दोन हंगामांमागे, एकोणिसाव्या वर्षी, बाहेरगावच्या एका मॅचमध्ये ८४ व्या मिनिटाला त्याचा बॅकपास, म्हणजे आपल्याच गोलकीपरकडे मागे दिलेला पास, आखूड पडला. समोरचा स्ट्रायकर गोलकीपरच्या आधी पोचला. मॅच एक-शून्यने गेली.

चूक त्याचीच होती. हे सुरुवातीलाच लिहितो, नाहीतर पुढचं वाचताना वाटेल की सर आपल्या पोराला पाठीशी घालतायत. बॉल घेण्याआधी त्यानं खांद्यावरून मागे पाहिलं नव्हतं आणि अंग चुकीच्या बाजूला वळलेलं होतं. दहा वर्षं मी त्याला तेच सांगत आलोय.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. तो अजून संघाबरोबरच होता. त्याच्या आईनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, चहा ठेवला, पदराला हात पुसले आणि स्वतःचा फोन माझ्यासमोर धरला. गॅलरीत ४१ स्क्रीनशॉट होते. मुलाच्या फोटोंखाली लोकांनी जे जे लिहिलं होतं ते त्यांनी एकेक करून जपून ठेवलं होतं. स्क्रीनशॉट कसा काढायचा हे त्यासाठी धाकट्या मुलीकडून शिकून घेतलं होतं. म्हणाल्या, "सर, हे कुठं द्यायचं असतं?"

त्यांना वाटत होतं, रेशनकार्डाच्या कामासारखी याचीही कुठंतरी एक खिडकी असेल. कागद द्यायचे, पावती घ्यायची. तुम्हा सगळ्यांना हाच प्रश्न विचारायला मी हे पत्र लिहितोय. हे कुठं द्यायचं असतं?

त्या रात्री काय झालं ते मला नंतर त्याच्याकडूनच कळलं. मॅचनंतर ड्रेसिंग रूममध्ये फोन परत मिळाले. बसमध्ये कुणी बोललं नाही. हॉटेलवर जेवण झालं, फिजिओनं सगळ्यांना बर्फ दिला, सकाळी साडेसातला रिकव्हरी सेशन आहे असा मेसेज ग्रुपवर आला. त्याच्या पोटरीची काळजी घ्यायला माणूस होता, त्यानं काय खावं हे सांगायला माणूस होता, तो किती किलोमीटर धावला हे पाठीवरच्या यंत्रातून काढून मांडणारा माणूस होता. साडेदहानंतर खोलीचं दार बंद झालं आणि मग तो आणि त्याचा फोन एवढेच उरले. रूममेटची झोप मोडू नये म्हणून तो बाथरूममध्ये जाऊन बसला. खाली फरशीवर, बादली बाजूला सरकवून. वाचत राहिला, पान खाली ओढून नवीन काही आलंय का बघत राहिला. पहाटे चारला रूममेट उठला, त्यानं काही न विचारता फोन काढून घेतला आणि स्वतःच्या उशीखाली ठेवून झोपला.

तो रूममेट मिझोराममधल्या आयझॉलचा, वीस वर्षांचा. सकाळी त्यानं आमच्या पोराला एवढंच सांगितलं, "शिव्या तुला काल आल्या, मला रोज येतात." त्याच्या दिसण्यावरून, डोळ्यांवरून येतात. एवढ्या मोठ्या क्लबमध्ये त्या रात्री माझ्या पोराला सांभाळलं ते या वीस वर्षांच्या मुलानं. त्याच्या मनात जे साठलंय ते कोण सांभाळतं हे मला माहीत नाही, आणि ते मला आजही टोचतं.

मी क्लबमधल्या एका जबाबदार माणसाला फोन केला. ते नीट बोलले, उद्धटपणे अजिबात नाही. त्यांचं म्हणणं असं होतं की मोठ्या खेळाडूंना अशा कमेंट लाखांनी येतात, याला साठ-सत्तर आल्या, आता या धंद्यात उतरलाय तर कातडी जाड करायलाच हवी. मला वाटतं तुमच्यापैकी बरेच जण असंच मानता, म्हणून यावर थोडं सविस्तर लिहितो.

लाखांनी येतात तेव्हा त्या अनोळखी माणसांच्या असतात. आमच्या पोराला आलेल्या साठ-सत्तरांपैकी निम्म्या तरी इथल्याच होत्या. नेरूळ, वाशी, ऐरोली. टर्फवर त्याच्याशी खेळलेली, त्याच्या शाळेतली, त्याच्याबरोबर ट्रायलला गेलेली आणि निवड न झालेली मुलं. त्या ४१ स्क्रीनशॉटमध्ये एक ओळ अशी होती: "बापासारखी गोणी उचल, ते जमेल तुला." प्रोफाइलला फोटो नव्हता, नाव खोटं होतं. पण त्याचे वडील गोणी उचलतात हे केरळमधल्या चाहत्याला कुठून कळणार? हे लिहिणारा रोज त्याच्या गल्लीतून जातो, कदाचित त्याच्या आईकडून डबाही घेतो. मग पोरगा सुट्टीत घरी आला की खाली दुकानात दूध आणायला जाताना प्रत्येकाच्या तोंडाकडे बघतो, हा तर नसेल? शेवटी तो दूध आणायला जायचंच बंद करतो. जागतिक कीर्तीच्या खेळाडूला उंच भिंतीचं घर असतं. याला वन रूम किचन आहे आणि जिना सामाईक आहे.

त्याच्या वडिलांनी ती ओळ वाचली होती. मी निघताना ते जिन्यापर्यंत आले आणि म्हणाले, "सर, गोणी उचलण्यात वाईट काय आहे?" मला उत्तर देता आलं नाही. ते रात्रपाळीला निघून गेले.

दुसरा सल्ला सगळेच देतात, मीही दिला होता. फोन बंद ठेव, वाचू नकोस. आता मला तो सल्ला दिल्याची लाज वाटते. या पोरांचा सगळा धंदा त्या फोनमध्ये आहे. प्रॅक्टिस किती वाजता, बस कुठून सुटणार, डाएट काय, हे सगळं त्यात. एजंट त्यात. करार संपत आला की दुसऱ्या क्लबचा माणूस आधी इन्स्टावर मेसेज टाकतो. बूट देणारी कंपनी फॉलोअर्स किती हे पहिलं विचारते. क्लब स्वतः सांगतो, पोस्ट टाका, आम्हाला टॅग करा, स्पॉन्सरचा लोगो दिसू द्या. सोमवार ते शुक्रवार आपणच त्यांना त्या बाजारात उभं करायचं आणि शनिवारी रात्री म्हणायचं, बाजाराकडे बघू नकोस! एका मॅचला तो संघात नाही हे आमच्या पोराला क्लबच्या पोस्टवरून कळलं होतं, कोचच्या तोंडून नाही. अशा मुलाला फोन बंद ठेव म्हणण्याला काय अर्थ आहे?

११ जुलै २०२१ ला लंडनच्या वेम्बलीवर युरोची, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेची, फायनल झाली. पेनल्टींवर इंग्लंड इटलीकडून हरलं. रॅशफर्ड, सांचो आणि साका या इंग्लंडच्या तिघा कृष्णवर्णीय खेळाडूंच्या पेनल्टी हुकल्या. साका तेव्हा १९ वर्षांचा होता, आमच्या पोराएवढाच. त्या तिघांवर वर्णद्वेषाची जी गटारं उघडली ती सगळ्या जगानं पाहिली. साकानं नंतर जे लिहिलं त्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्याला आता कसला द्वेष सहन करावा लागणार हे त्याला त्याच क्षणी कळलं होतं. म्हणजे देशासाठी फायनल हरल्याचं दुःख पुरतं आत उतरायच्या आधीच त्या पोराला फोन दिसत होता. हल्ली माझ्या पंधरा वर्षांच्या मुलांतही मी हे बघतो. मिसपास झाला की आधी नजर बाजूला उभ्या असलेल्या फोनकडे जाते, बॉलकडे नंतर.

इंग्लंडमध्ये त्यानंतर पोलिसांनी माणसं पकडली. त्याच वर्षी एप्रिल-मेमध्ये तिथल्या क्लबांनी चार दिवस सगळी सोशल मीडिया खाती गप्प ठेवून निषेध केला होता. तो निषेध पुरेसा नव्हता हे दोन महिन्यांतच दिसलं. पण साका सुट्टीवरून आर्सेनल या आपल्या क्लबच्या सराव केंद्रात परतला तेव्हा क्लबनं चाहत्यांच्या पत्रांनी अख्खी भिंत भरून ठेवली होती. हे करायला कुणीतरी माणूस लागला असेल. कुणीतरी ती पत्रं उघडली, वाचली, चांगली बाजूला काढली आणि भिंतीवर चिकटवली. मी तुमच्याकडे तोच माणूस मागतोय.

फिफा आणि खेळाडूंची जागतिक संघटना फिफप्रो यांनी कतारच्या २०२२ च्या विश्वचषकात एक सेवा सुरू केली. खेळाडूंच्या खात्यांवर येणाऱ्या कमेंट तपासायच्या आणि घाण असेल ती खेळाडूला दिसण्याआधीच लपवायची. त्या एका स्पर्धेत पावणेतीन लाखांहून जास्त कमेंट अशा लपवल्या गेल्या. पुढच्या वर्षी महिलांच्या विश्वचषकात दर पाच खेळाडूंत एकीला शिवीगाळ किंवा धमकी आल्याचं त्यांच्याच अहवालात आहे. माझ्याकडे मुलींची बॅच आहे, मला त्याचं नवल वाटलं नाही. मुलींना खेळावरून शिव्या कमीच येतात. बाकी जे येतं ते इथं लिहिण्यासारखं नाही, आणि त्या ते घरी दाखवत नाहीत, कारण दाखवलं की घरचे खेळच बंद करतात. मुलांच्या आया निदान स्क्रीनशॉट तरी काढतात.

आपल्याकडे कमेंट लपवायचं काम कोण करतं? आमच्या पोराच्या बाबतीत आम्ही केलं. इन्स्टाग्रामवर २०२१ पासून एक सोय आहे. आपल्याला नको असलेले शब्द यादीत भरून ठेवले की ते असलेल्या कमेंट आणि मेसेज आपोआप बाजूला पडतात. ती सुरू केली आणि लक्षात आलं की इंग्रजी शिव्या बऱ्यापैकी अडतात, पण आपल्या शिव्या सरळ आत येतात. मराठी शिवी कुणी देवनागरीत लिहितं, कुणी रोमन लिपीत. रोमनमध्ये प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. कुणी मधलं अक्षर गाळतं, कुणी त्याजागी चांदणी टाकतं, कुणी आकडा.

मग एका रविवारी दुपारी मी, माझा असिस्टंट आणि कॉलेजात शिकणारे आमचे दोन जुने विद्यार्थी असे क्लासच्या ऑफिसात बसलो. दार लावून घेतलं. एक जण वहीत लिहायचा, एक जण फोनवर भरायचा. आईवरून जी शिवी देतात, त्या एका शिवीची आम्हाला ४७ स्पेलिंग सापडली. मग जातीवरून. मग रंगावरून. मग आयझॉलच्या पोरासाठी वेगळं पान केलं. मग मल्याळम आणि बंगाली शब्दांसाठी संघातल्या इतर पोरांना फोन लावले. बावीस वर्षं मी मैदानावर तोंडातून शिवी निघाली की दहा पुशअप्स मारायला लावतो. त्या दुपारी त्याच मुलांसमोर बसून मी एकेक शब्द स्पष्ट उच्चारून सांगत होतो आणि ते लिहून घेत होते. कुणी हसलं नाही. तीन तास लागले. यादी भरली तेव्हा त्याच्या खात्यावरच्या ४१ पैकी ३४ ओळी दिसेनाशा झाल्या. "बापासारखी गोणी उचल" मात्र गेली नाही, कारण त्यात एकही शिवी नाही.

ती ओळ शेवटी माणसालाच वाचून काढावी लागली. म्हणूनच यंत्रावर सगळं सोपवून चालणार नाही असं मी म्हणतो.

आणखी एक प्रकार आहे, त्याच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. त्या स्क्रीनशॉटमध्ये एकानं लिहिलं होतं, "तुझ्यामुळे माझे अकराशे गेले." दुसऱ्यानं, "किती खाल्लेस?" हे चाहते नव्हेतच. यांनी पैसे लावले होते. २०२४ सालात टेनिसपटूंना आलेल्या शिवीगाळीचा अभ्यास झाला, त्यात चाळीस टक्के मजकूर पैज हरलेल्यांचा निघाला. आपल्याकडे पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं बंदीचा कायदा केला, त्याचं मी स्वागत करतो. पण सट्टा कायद्यानं थांबतो असं मानणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. एकोणीस वर्षांच्या पोराला "किती खाल्लेस" विचारणं किती भयंकर आहे हे त्याच्या घरी जाऊन बघा. त्याचे वडील हिशेबाची वही घेऊन बसले होते. मुलानं घरी दिलेला पैसा पगाराएवढाच आहे ना, हे तपासत होते.

आता आमच्याकडे बोट दाखवतो. आमच्याकडे म्हणजे कोच आणि अकादमी चालवणाऱ्यांकडे.

तो चौदा वर्षांचा होता तेव्हा आमच्या पेजवर त्याचे व्हिडिओ मीच टाकायचो. संथ गतीत हेडर, मागे गाणं, खाली एका जगप्रसिद्ध डिफेंडरचं नाव घेऊन "नेरूळचा अमुक" असं लिहिलेलं. एका व्हिडिओला दोन लाख व्ह्यूज आले. त्या महिन्यात माझ्याकडे अकरा नवीन अ‍ॅडमिशन झाली. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला आला तेव्हा पोरगा पाण्याच्या ब्रेकमध्ये लाइक मोजत होता आणि मी त्याला हटकलं नाही, कारण मीही मोजत होतो. चौदाव्या वर्षी ज्याला आपण अनोळखी माणसांच्या कौतुकावर वाढवलं, त्याला एकोणिसाव्या वर्षी अनोळखी माणसांच्या शिव्यांकडे दुर्लक्ष कर म्हणून सांगणं हा अन्याय आहे. कौतुक खरं मानायला आपण शिकवलं, मग शिवी त्यानं खोटी कशी मानायची? गेल्या वर्षापासून आम्ही सोळा वर्षांखालच्या एकाही मुलाचा एकट्याचा व्हिडिओ नावासकट टाकत नाही. अ‍ॅडमिशन थोडी कमी झाली आहेत. पालक विचारतात, "आमच्या मुलाचं रील का नाही?" त्यांना मी बसवून सांगतो. काहींना पटतं, काही जण ऐरोलीच्या टर्फवर नाव घालतात.

याचा अर्थ टीका करू नका असा कुणी घेऊ नये. २ जून २०१८ ला भारताचा तेव्हाचा कर्णधार सुनील छेत्री यानं एक व्हिडिओ टाकला होता, तुम्हाला आठवत असेल. आदल्या दिवशी अंधेरीच्या मैदानावर भारत चायनीज तैपेईला (म्हणजे तैवानला) पाच-शून्यने हरवत होता आणि बघायला २,५६९ माणसं होती. छेत्री म्हणाला होता की इंटरनेटवर शिव्या देण्यात काही मजा नाही, स्टेडियममध्ये या, तोंडावर ओरडा, टीका करा, पण या. ४ जूनला केनियाविरुद्धच्या मॅचला भर पावसात स्टेडियम भरलं. ती त्याची शंभरावी आंतरराष्ट्रीय मॅच होती. मी माझ्या मुलांना घेऊन गेलो होतो. माझ्या मागच्या रांगेतला एक काका भारताच्या डिफेंडरला पहिल्या मिनिटापासून शिकवत होता, आणि शेवटच्या शिटीला उभा राहून टाळ्या वाजवत होता. त्या काकाचा चेहरा दिसत होता, त्यानं तिकीट काढलं होतं आणि नव्वद मिनिटांनी तो घरी गेला. अशा माणसाच्या ओरडण्यानं कुठलाही खेळाडू मोडत नाही.

आणि कोचची टीका तर हवीच. आमच्या पोराला त्या बॅकपासची क्लिप मी स्वतः अकरा वेळा दाखवली, सुट्टीत घरी आला तेव्हा. आमच्या ऑफिसात, आवाज बंद करून. थांबव, इथं बघ, तुझा डावा खांदा कुठे आहे? सहा नंबरचा आपला मिडफिल्डर मोकळा होता, दिसला का? पहिल्या तीन वेळा तो स्क्रीनकडे बघतच नव्हता. चौथ्यांदा बघितलं. नवव्यांदा स्वतःच म्हणाला, "सर, मला इथं बॉल बाहेर मारायला हवा होता." ती क्लिप तोवर लाखभर लोकांनी पाहिली असेल. त्यात पुढच्या वेळी काय करायचं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आपल्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये ३० ऑक्टोबर २०२२ ला सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाची फायनल झाली. स्पेन विरुद्ध कोलंबिया. आमच्या मुलींची अख्खी बॅच मी घेऊन गेलो होतो. ८२ व्या मिनिटापर्यंत शून्य-शून्य, आणि मग कोलंबियाच्या आना मारिया गुस्मानकडून स्वयंगोल झाला. स्पेननं विश्वचषक नेला. सतरा वर्षांची मुलगी, घरापासून हजारो मैल लांब, आणि देशाचा विश्वचषक तिच्याच स्वयंगोलानं गेला. माझ्या शेजारी बसलेल्या आमच्या गोलकीपर मुलीनं मला विचारलं, "सर, हिला आता घरी कोण काय म्हणेल?" तेरा वर्षांच्या मुलीला पहिला प्रश्न हा पडला.

तिला कोण काय म्हणालं मला ठाऊक नाही. त्यानंतर दहाच महिन्यांनी, ८ ऑगस्ट २०२३ ला, ती मोठ्यांच्या विश्वचषकात कोलंबियाकडून जमैकाविरुद्ध उतरली. तिनं लांबून टाकलेल्या क्रॉसवर कातालिना उस्मेनं गोल केला आणि कोलंबिया पहिल्यांदा उपांत्यपूर्व फेरीत गेली. प्रशिक्षकानं तिला पुन्हा मैदानात उतरवलं, ही त्यातली खरी गोष्ट. आमच्या पोराला त्या बॅकपासनंतर सात मॅच बसवून ठेवलं. फॉर्मसाठी बसवलं असेल तर माझी तक्रार नाही, तो कोचचा अधिकार आहे. पण त्याला कारण कुणी सांगितलं नाही. न सांगितल्यामुळे त्यानं कारण कमेंटमध्ये शोधलं. तिथे भरपूर सापडली.

आता मागणी. फार नाही.

प्रत्येक क्लबनं एक माणूस नेमावा, ज्याच्याकडे मॅचनंतरच्या रात्री एकवीस वर्षांखालच्या खेळाडूंची खाती असतील. खेळाडूच्या संमतीनं, त्याच्या विश्वासातला माणूस. मार्केटिंगवाला नको, त्याचं काम व्ह्यूज वाढवायचं असतं. त्यानं कमेंट वाचायच्या, लपवायच्या, धमकी असेल ती नोंदवायची. साडेदहा वाजता खोल्यांवर एक फेरी मारायची. फिजिओ मारतो तशी.

तक्रार क्लबनं करावी, पोरानं नाही. धमकी देणं, अश्लील मजकूर पाठवणं हा गुन्हा आहे आणि सायबर पोलिसांचं पोर्टलही आहे. पण तिथे नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. खात्याची लिंक, पोस्टची लिंक, तारीख-वेळ लागते. आमच्या वहिनींनी ४१ पैकी बहुतेक स्क्रीनशॉट कापून फक्त मजकूर ठेवला होता. वरचं नाव दिसलं की रात्रभर तेच डोक्यात फिरतं, म्हणून. सही करायच्या दिवशी क्लबनं आईवडिलांना अर्धा तास बसवून हे मराठीत सांगितलं असतं तर तो पुरावा वाया गेला नसता. त्या दिवशी त्यांना फक्त जर्सी दिली आणि फोटो काढला.

क्लबच्या स्वतःच्या खात्यावरून हरलेल्या मॅचची अशी क्लिप टाकू नये की जिच्यात फक्त एका पोराची चूक दिसते. "आज कोण कमी पडलं?" असले पोल तर मुळीच नकोत. हे करायला एक पैसाही लागत नाही.

आणि मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक हंगामाच्या सुरुवातीपासून असावा, सगळ्यांसाठी, आठवड्यातल्या ठरलेल्या वारी. एखाद्याचं बिघडल्यावर बोलावलेला माणूस ड्रेसिंग रूममध्ये आला की सगळ्यांना कळतं कुणासाठी आलाय. त्याला निदान पोराची भाषा यावी. आमचा पोरगा इंग्रजीत "आय अ‍ॅम ओके" म्हणतो. मराठीत विचारलं की गप्प बसतो, आणि मग पाच मिनिटांनी बोलायला लागतो.

तो आता दुसऱ्या संघात लोनवर, म्हणजे तात्पुरता उसना दिलेला, आहे, खेळतोय. खांद्यावरून मागे बघायची सवय लागली आहे. ती इतकी, की मॅचमध्ये गरज नसतानाही बघतो. सुट्टीत आला की दूध आणायला अजून धाकटी बहीण जाते.

आम्ही लिहिलेली ती वही माझ्याकडे आहे. दोनशे पानी, त्यातली एकोणतीस पानं भरलेली, पाच भाषांत. ती मी मेलवर पाठवणार नाही आणि कुठेही टाकणार नाही. पण तुमच्यापैकी ज्या क्लबनं असा माणूस नेमला असेल, त्यानं त्या माणसाला माझ्याकडे पाठवावं. शनिवारी-रविवारी सकाळी सहा ते नऊ मी मैदानावर असतो. वही त्याच्या हातात देईन, शेजारी बसून एकेक पान समजावून सांगेन. त्याला पुन्हा पहिल्यापासून लिहायला लागू नये.

आपला,
नेरूळमधला एक फुटबॉल प्रशिक्षक